अर्धा अर्धा ठिपक्या: एका भेटीचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण दोन मित्रांचं आणि त्यांच्या एका कुत्र्याचं आहे. दोघांत दोन वर्षांचं अंतर, म्हणून इथे त्यांना थोरला आणि धाकटा म्हटलं आहे. ते भाऊ नाहीत. दोघांची परवानगी घेतलेली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. कुत्र्याचं नावही बदललं आहे. खरं नावही असंच बिनकष्टाचं, अंगावरच्या खुणेवरून पडलेलं होतं. इथे तो ठिपक्या.

थोरला समुपदेशनाला आला तो ठिपक्यासाठी नव्हे. त्याच्या घरी सध्या एक अकरा वर्षांची कुत्री आहे. ती सकाळी उठताना कण्हते, जिना चढायला कुरकुरते. तिला डॉक्टरांकडे नेणं, रक्त तपासून घेणं एवढं साधं काम दीड वर्ष रखडलं होतं. वेळ ठरायची, गाडी दवाखान्याच्या रस्त्याला लागायची आणि हा गाडी वळवून घरी आणायचा. शेवटी बायकोच म्हणाली, "मी नेते." तर त्यालाही नाही म्हणाला. भांडण तिथून सुरू झालं आणि तो माझ्यापर्यंत पोचला.

पहिल्या बैठकीत तो कुत्रीबद्दल फार थोडं बोलला. बोलला ते तिच्या आधीच्या कुत्र्याबद्दल. तो सहा वर्षांपूर्वी, तेरा वर्षांचा होऊन गेला होता. शेवटी सहज म्हणावं तसं म्हणाला, "खरं तर माझ्यापेक्षा तो त्याचाच कुत्रा होता." हा 'तो' म्हणजे धाकटा. सहा वर्षं दोघांचं बोलणं नव्हतं.

कसं तुटलं

दोघं एकाच खोलीत राहायचे, सोबत तिसरा एक जण. पिल्लू खोलीवर आलं आणि राहिलं. ठिपक्या चार वर्षांचा असताना धाकट्याला दूर नोकरी लागली. "सहा महिने ठेव, जागा मिळाली की घेऊन जातो," असं ठरलं. सहा महिन्यांचं वर्ष झालं, मग त्याबद्दल बोलणंच थांबलं. असे करार असेच संपतात. कोणी मोडत नाही, कोणी पाळत नाही. ज्याच्या घरात प्राणी असतो त्याच्याकडे तो आपोआप राहून जातो. दोन वर्षांनी थोरल्याच्या लग्नाला धाकटा आला होता. घरात गर्दी म्हणून ठिपक्याला तेव्हा एका नातेवाइकाकडे ठेवलं होतं. त्याला भेटायचं राहिलं ते कायमचंच.

पुढची सात वर्षं फोन होत राहिले, आधी वरचेवर, मग वाढदिवसापुरते. मग एके दिवशी थोरल्याने निरोप पाठवला: "ठिपक्या गेला. त्रास झाला नाही." धाकट्याचं उत्तर आलं: "बरं झालं. सुटला."

थोरल्याने फोन उलटा करून ठेवला. त्यानंतर त्याने फोन केला नाही आणि धाकट्यानेही केला नाही. एवढंच तुटणं. मोठं भांडण झालं असतं तर कोणीतरी मध्ये पडलं असतं, चार शब्द ऐकवले असते. इथे मध्ये पडायला जागाच नव्हती.

केनेथ डोका या अमेरिकी अभ्यासकाने १९८९ मध्ये मांडलेली एक कल्पना अशा प्रसंगात फार उपयोगी पडते: समाज ज्याला दुःख म्हणून मान्यताच देत नाही असं दुःख. त्यात पाळीव प्राण्याचा मृत्यू हमखास येतो. थोरला दुसऱ्या दिवशी कामावर गेला होता. रजेच्या अर्जावर लिहायचं काय? एका सहकाऱ्याने विचारलं, "एवढं काय झालंय?" आणि उत्तर ऐकून, "अरे, कुत्राच ना," असं म्हणून पाठीवर थाप मारली. त्यात दुष्टपणा नव्हता, म्हणूनच त्यावर उलट बोलताही आलं नाही.

धाकट्याची अडचण याहून वेगळी होती, ती मला पुढे कळली. त्याच्या दुःखाला बाहेरच्यांनी नव्हे, त्याने स्वतःच मान्यता दिली नव्हती. नऊ वर्षं ज्या कुत्र्याला पाणी दिलं नाही, त्याच्यासाठी रडायचा अधिकार आपल्याला कुठून आला? निरोप वाचल्यावर त्याने लांबलचक उत्तर लिहिलं, ते पुसलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. शेवटी जे तीन शब्द उरले ते पाठवले.

भेटीआधी

भेट घडवून आणणं हा काही ठरलेला उपचार नाही. मी ते सुचवलं कारण थोरल्याच्या बोलण्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा येत होती: काही आठवायचं म्हटलं की तो अडखळायचा आणि म्हणायचा, "ते त्याला माहीत असेल."

मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेगनर यांनी १९८० च्या दशकात एक साधी पण दूरवर जाणारी गोष्ट दाखवून दिली. जवळची माणसं आठवणींची वाटणी करून घेतात. कोणाचा वाढदिवस कधी हे एकीने लक्षात ठेवायचं, कोणता कागद कुठे ठेवलाय हे दुसऱ्याने. ठरवून नव्हे, आपसूक. मग माणूस दुरावलं की त्याच्यासोबत आपल्या स्मरणाचा तुकडाही जातो. ठिपक्याची पहिली चार वर्षं मुख्यतः धाकट्याकडे होती आणि पुढची नऊ थोरल्याकडे. पूर्ण कुत्रा एकाकडेही नव्हता.

थोरल्याने निरोप लिहायला बरेच आठवडे घेतले. यात त्याचा स्वभाव कमी आणि माणसाची जात जास्त. २०२४ मध्ये जिलियन सँडस्ट्रॉम आणि लारा अॅक्निन या मानसशास्त्रज्ञांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या लोकांना जुन्या मित्राशी पुन्हा बोलायची इच्छा होती, पत्ता हाताशी होता, त्याला आवडेल असा विश्वास होता, निरोप लिहायला वेळही दिला होता. तरी प्रत्यक्ष निरोप पाठवणारे एक तृतीयांशाहून कमी निघाले. जुना मित्र काळाच्या ओघात जवळपास अनोळखी वाटू लागतो आणि अनोळख्याशी बोलायला आपण बिचकतो.

थोरल्याचा पहिला मसुदा माफी, खुलासे आणि तब्येतीची चौकशी यांनी गच्च भरला होता. शेवटी गेला तो निरोप असा: "ठिपक्याबद्दल काही गोष्टी तुलाच माहीत आहेत. विचारायच्या आहेत. येशील का?" माझ्या मते हा निरोप चालला त्याचं कारण त्यात भावना कमी आणि काम जास्त होतं. भावनेला उत्तर देणं अवघड असतं. प्रश्नाला उत्तर देता येतं. धाकट्याचं उत्तर त्याच रात्री आलं: "येतो."

भेटीआधी दोघांनी आपापल्या आठवणी वेगवेगळ्या लिहून काढाव्यात आणि एकमेकांना दाखवू नयेत, अशी मी विनंती केली. यामागे एक ठोस कारण आहे. माणसं एकत्र बसून आठवू लागली की त्यांच्या एकूण आठवणी वेगवेगळ्या आठवलेल्यांच्या बेरजेपेक्षा कमी भरतात, हे प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. एकाच्या बोलण्याने दुसऱ्याचा धागा तुटतो आणि ज्याचा आवाज मोठा त्याची आठवण सगळ्यांची होऊन बसते. इथे थोरला बोलका आणि धाकटा अबोल. कागद नसता तर धाकट्याची चार वर्षं पुन्हा थोरल्याच्या गोष्टीत वाहून गेली असती.

भेट

मी तिथे नव्हते. पुढचं सगळं दोघांकडून, वेगवेगळ्या बैठकांत ऐकलेलं आहे. जिथे दोघांचं जुळत नाही तिथे तसं लिहिलं आहे.

धाकटा आला तेव्हा कुत्री दारात आडवी पडून होती. तो तिला ओलांडून आत आला नाही, तिच्यापाशी खाली बसला. थोरला म्हणतो, दहा मिनिटं बसला. धाकटा म्हणतो, अर्धा मिनिट.

कागद निघाले ते जरा अवघडतच. पहिलाच मुद्दा भांडणाचा ठरला. ठिपक्याला आणलं कोणी? थोरल्याच्या कागदावर होतं: पाऊस होता, जिन्याखाली पिल्लू कुडकुडत होतं, मी उचललं. धाकट्याच्या कागदावर: पाऊस, जिना, पिल्लू, मी उचललं. दोघांना ओल्या केसांचा वास आठवत होता. दोघांना शर्टावर पडलेला चिखल आठवत होता. शर्टाचा रंग सोडला तर काही फरक नव्हता.

थोरल्याच्या बायकोने जुन्या फोटोंचा डबा आणला. त्यात त्या रात्रीचा एकच फोटो निघाला. पिल्लू खोलीतल्या तिसऱ्याच्या मांडीवर आहे, चिखल त्याच्या शर्टावर आहे आणि हे दोघं मागे कोरडेठाक उभे आहेत.

इथे दोघं हसले. सहा वर्षांनंतरचं पहिलं हसू स्वतःच्या खोट्या आठवणीवर आलं, हे मला फार आवडलं. आठवण ही साठवून ठेवलेली वस्तू नसून दर वेळी नव्याने रचली जाते, हे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ मध्येच दाखवून दिलं होतं. जी गोष्ट आपण शंभर वेळा सांगितली ती आपल्याला घडलेली वाटू लागते. मग दोघांनी त्या तिसऱ्याला तिथल्या तिथे फोन लावला. तो म्हणाला, "कुठला कुत्रा? ... हां, तो होय. तो तुमचाच होता ना?" त्याला पाऊसही आठवत नव्हता.

यानंतर बोलणं सैल झालं. काय काय निघालं त्याची यादी देत नाही, पण दोन गोष्टी सांगायलाच हव्यात.

ठिपक्या माणसाच्या पावलावर हनुवटी टेकून झोपायचा. थोरल्याच्या मनात ही सवय म्हातारपणाशी जोडलेली होती: अशक्तपणा आला, डोकं पेलवेना, म्हणून टेकायचा. ती आठवण आली की त्याला आजार आठवायचा. धाकट्याने कागद पुढे केला. पहिल्या वर्षापासूनची नोंद होती. रात्री जागून अभ्यास चालायचा, पिल्लू टेबलाखाली, हनुवटी पावलावर, आणि पाय बधिर झाला तरी हलवायची सोय नाही. "तो दमलेला नव्हता रे. त्याला आवडायचं ते." थोरल्याने मला हे सांगताना वाक्य दोनदा म्हटलं.

दुसरी गोष्ट उलट दिशेने गेली. धाकट्याला एकच विचारायचं होतं आणि ते त्याने कागदावर लिहिलंही नव्हतं. "मी गेल्यावर त्याने काय केलं?"

निष्ठावान कुत्र्यांच्या कथांनी या प्रश्नाला भलतंच वजन आणून ठेवलं आहे. जपानमधला हाचिको सगळ्यांना ठाऊक असतो. मालक १९२५ मध्ये वारले आणि १९३५ मध्ये स्वतः मरेपर्यंत तो शिबुया स्टेशनवर येत राहिला. गोष्ट खरी आहे, हृद्य आहे. पण प्राणी मागे ठेवून गेलेल्या माणसाने ती वाचली तर ती शिक्षा ठरते. धाकट्याच्या मनात ठिपक्या नऊ वर्षं दाराकडे तोंड करून बसलेला होता.

थोरल्यापुढे दोन सोप्या वाटा होत्या. "तो तुला विसरलाच नाही" म्हणायचं, की "त्याला काही फरक पडला नाही" म्हणायचं. त्याने तिसरं सांगितलं, जे घडलं ते. पहिले काही दिवस ठिपक्या खोली हुंगत फिरला. धाकट्याच्या गादीवर झोपला, खाणं कमी केलं. दोन-तीन आठवडे संध्याकाळी दाराशी बसायचा. मग बसायचा थांबला. चप्पल तोंडात धरून दारापर्यंत न्यायची त्याची खोड होती, ती पुढे थोरल्याच्या चपलेवर सुरू झाली.

धाकटा मला म्हणाला, "बसायचा थांबला हे ऐकून वाईट वाटलं. आणि मग इतकं बरं वाटलं की लाज वाटली."

"ओळखलं असतं का त्याने मला?" हेही त्याने विचारलं. यावर थोरल्याकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडे थोडंसं होतं. चार्ल्स डार्विन यांनी १८७१ मध्ये नोंदवून ठेवलं आहे की त्यांचा एक कुत्रा परक्यांवर धावून जाणारा होता. पाच वर्षं आणि दोन दिवसांच्या गैरहजेरीनंतर तो राहायचा त्या तबेल्यापाशी ते गेले आणि जुन्या पद्धतीने हाक मारली. त्याने आनंद वगैरे काही दाखवला नाही, पण अर्ध्या तासापूर्वीच निरोप घेतला असावा तसा मागोमाग चालू लागला. एका कुत्र्यावरून दुसऱ्याचं सिद्ध होत नाही. धाकट्याला मी हे सांगितलं तेव्हा त्याने 'आनंद दाखवला नाही' एवढंच उचललं आणि म्हणाला, "ठिपक्यानेही तेच केलं असतं. आधी दुर्लक्ष."

"त्रास झाला नाही"

आता मुख्य गाठीकडे. थोरल्याच्या निरोपातलं हे वाक्य त्याला स्वतःलाच खरं वाटत नव्हतं.

धाकट्याने सरळ विचारलं: "खरंच झाला नाही?" थोरल्याने सहा वर्षांत पहिल्यांदा क्रमाने सांगितलं. ठिपक्या पाणी फार पिऊ लागला होता. भांडं दिवसातून तीनदा भरावं लागे. उन्हाळा आहे, असं घरात सगळ्यांनी धरलं. मग वजन उतरलं, तोंडाला वास येऊ लागला. तपासणीत क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड नीट चालेनासं झालं की रक्तात साठणारा टाकाऊ पदार्थ, खूप वाढलेलं निघालं. घरी कातडीखाली सलाइन देणं सुरू झालं, ते थोरला स्वतः शिकला. काही महिने बरे गेले. मग खाणं पूर्ण थांबलं आणि डॉक्टरांनी दयामरणाचं सुचवलं. थोरल्याने दोन दिवस मागून घेतले. त्या दोन दिवसांत ठिपक्याला उलट्या होत राहिल्या. शेवटच्या इंजेक्शननंतर डॉक्टर म्हणाले, "गेला," आणि त्यानंतर ठिपक्याने एक मोठा श्वास घेतला. डोळे उघडेच होते.

तो श्वास थोरल्याने सहा वर्षं कोणाला सांगितला नव्हता. त्याची खात्री होती की कुत्रा जिवंत होता, त्याला सगळं कळत होतं आणि आपल्याकडे बघत होता. दवाखान्याच्या रस्त्यावर गाडी वळायची ती इथून.

धाकट्याने धीर दिला नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण ही या प्रकरणातली सगळ्यात मोलाची गोष्ट आहे. "तू सगळं केलंस", "त्याला चांगलं आयुष्य मिळालं" ही वाक्यं थोरल्याने ढिगाने ऐकली होती आणि त्यातल्या एकाचाही उपयोग झाला नव्हता. ती श्वासाबद्दल काहीच सांगत नाहीत. धाकट्याने विचारलं, "मग डॉक्टरांना विचारलंस का, तो श्वास काय होता ते?" थोरल्याने विचारलं नव्हतं. "चल, विचारू. तसंही हिला न्यायचंच आहे."

दोन दिवसांनी दोघं कुत्रीला घेऊन गेले. गाडी धाकट्याने चालवली. डॉक्टरांनी दोन्ही गोष्टी समजावून सांगितल्या. दयामरणात बहुधा आधी गुंगीचं औषध देतात, मग पेंटोबार्बिटल या भुलीच्या औषधाची मोठी मात्रा शिरेत देतात. आधी शुद्ध जाते, काही सेकंदांतच, मग श्वास आणि हृदय थांबतं. त्यानंतरही स्नायू आखडू शकतात, छाती श्वास घेतल्यासारखी हलू शकते. ती शरीराची प्रतिक्रिया असते, त्यामागे जाणीव नसते. कुत्र्याचे डोळे मेल्यावर आपोआप मिटत नाहीत. हे आधीच सांगून ठेवायला हवं असतं, आणि बरेच डॉक्टर सांगतातही. त्या वेळी सांगितलं गेलं नाही, किंवा सांगितलं असेल तरी थोरल्याच्या कानात शिरलं नाही.

पाण्याच्या भांड्याबद्दलही उत्तर मिळालं. कुत्र्याच्या मूत्रपिंडाची साधारण तीन चतुर्थांश क्षमता गेल्यावरच रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं दिसतं. म्हणजे आठवडा-दोन आठवडे आधी नेलं असतं तरी आजार जुनाच निघाला असता. पण त्या दोन दिवसांबद्दल डॉक्टर काही बोलले नाहीत, आणि ते बरोबरच होतं. ते दोन दिवस त्रासाचे होते. निरोपातलं वाक्य अर्धंच खरं होतं आणि आता ते तिघांना माहीत झालं.

कुत्रीच्या रक्ताचे आकडे वयाला शोभतील असे निघाले. सांधे आखडले आहेत, वजन उतरवायला सांगितलं आहे, वेदनाशामक सुरू झालं आहे.

काय सुटलं, काय नाही

परतताना गाडीत थोरला म्हणाला, "तू यायला हवं होतंस. सहा महिने म्हणाला होतास." धाकटा म्हणाला, "हो." बस. गळाभेट झाली नाही, माफी मागितली गेली नाही. मला विचाराल तर त्या 'हो'मध्ये खुलासा नव्हता म्हणून तो ऐकला गेला. त्याच्याकडे कारणं होती आणि ती खरी होती. ती त्याने मला सांगितली, थोरल्याला नाही.

'सुटला' या उत्तराचाही हिशेब झाला, पण तो अर्धवट. पुसलेली उत्तरं कशी होती ते धाकट्याला आठवत नाही, त्यामुळे ती थोरल्याला मिळाली नाहीत. मिळाली असती तर बरं झालं असतं, असं थोरला अजून म्हणतो.

दुःखाच्या जुन्या शिकवणीत गेलेल्याशी नातं सोडवून पुढे जा, असा सूर असायचा. १९९६ च्या सुमारास दुःखाचे अभ्यासक डेनिस क्लास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला उलट बाजू दाखवली: नातं संपत नाही, त्याचं रूप बदलून ते चालू राहतं, आणि त्यात काही बिघडलेलं नसतं. मला ही मांडणी जास्त खरी वाटते. आपल्या प्रकरणात मात्र चालू राहिलेलं नातं ज्या गोष्टीवर उभं होतं ती चुकीची होती, एक उघडा डोळा आणि एक श्वास. ते तपशील दुरुस्त झाले तेव्हा आठवणीत इतर गोष्टींना जागा झाली. इथे दुःख कमी झालं असं मी म्हणणार नाही. दोघांनीही तसं म्हटलेलं नाही.

मैत्री पूर्ववत झालेली नाही. महिन्यातून एखादा निरोप जातो, बहुतेक कुत्रीचा फोटो. ठिपक्याचा गळपट्टा थोरल्याने देऊ केला होता. धाकट्याने तो घेतला, घरी नेला आणि दोन महिन्यांनी परत पाठवला. का, ते त्याने सांगितलं नाही आणि थोरल्याने विचारलं नाही.

एक गोष्ट अजून मध्येच लटकते आहे. निघताना धाकटा कुत्रीकडे बोट करून म्हणाला होता, "हिच्या वेळी मला आधी कळव. मी येईन." थोरला म्हणाला, "बघू." परवाच्या बैठकीत मी विचारलं, कळवणार का? त्याने अजून ठरवलेलं नाही. पुढची रक्ततपासणी सहा महिन्यांनी आहे आणि ती वेळ मात्र त्याने स्वतः फोन करून घेतली आहे.